एकवीस दिवसांचं गाऱ्हाणं

पहिल्या लॉकडाऊनमध्ये लोक काय काय शिकले. कोणी केक करायला शिकलं, कोणी नवऱ्याचे केस कापायला शिकलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बासरी शिकत होते, ते अजून शिकतच आहेत. मी आमच्या भावकीला अक्कल शिकवायला घेतली. काम बिनपगारी, आणि विद्यार्थी सगळे मास्तरापेक्षा हुशार.

भावकीचा मोबाईलवर एक ग्रुप होता. गावाला राहणारा माझा चुलतभाऊ त्याचा ॲडमिन. देवळाच्या दुरुस्तीची चर्चा करायला म्हणून त्याने तो काढला होता, पण देवळाचं छप्पर राहिलं बाजूला आणि ग्रुपवर सगळ्यांचा दवाखाना सुरू झाला. नाकात लिंबू पिळा. कापूर आणि ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधा. गरम पाणी प्यायलात की विषाणू घशातून पोटात जातो आणि पोटात मरतो, म्हणजे त्याला पत्ता समजावून सांगायचा तेवढा बाकी. एकाने तर कांजूरमार्गच्या डंपिंगवर मोर नाचताना दाखवला होता, निसर्ग कसा शुद्ध झालाय बघा म्हणून. मी राहतो कांजूरमार्गला. माझ्या खिडकीतून डंपिंगचा वास येतो, मोर कधी आलेला नाही, आणि तसं मी लिहिलंही. त्यावर उत्तर आलं, "नीट बघा, पहाटे येतात."

मी पोटासाठी जाहिरातींची मराठी भाषांतरं करतो. साबण, फिनेल, केसांचं तेल. लोकांना काय खोटं सांगितलं की ते खरं मानतात, हे शिकण्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. त्यामुळे ग्रुपवरचं खोटं वाचलं की माझा व्यावसायिक संताप व्हायचा. एवढं भिकार लिहिलेलं लोक मानतात कसं? मी प्रत्येक मेसेजखाली खुलासा टाकायचो, डॉक्टरांच्या मुलाखतीच्या लिंका टाकायचो. त्या लिंका माझ्याशिवाय कोणीही उघडल्या नाहीत, हे मी पैजेवर सांगतो.

सकाळी डोळा उघडला की चष्म्याआधी मोबाईल. दात घासताना उजव्या हातात ब्रश आणि डाव्या हातात कोकणातली अफवा. जेवताना ताटाच्या कडेला मोबाईल, कोणी उत्तर दिलं का ते बघायला. लोक मोबाईलच्या नादाने बिघडलेत, हे मी मोबाईलवरून दिवसाचे दहा तास लोकांना सांगत होतो. माझी बायको शाळेत शिकवते, तेव्हा ती स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून वर्ग घ्यायची. एकदा तास संपवून ती बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तू त्यांना सुधरवत नाहीयेस रे, तुला खाज आहे ती तू भागवतोयस." मी तिला म्हटलं, तुला समाजकार्यातलं काय कळतं.

ग्रुपवर माझी आतेही होती. वडिलांची मोठी बहीण, सत्तरी ओलांडलेली. दहिसरला, नदीच्या अंगाला एक जुनी चाळ आहे, तिथे तळमजल्याच्या खोलीत ती एकटी राहायची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मूलबाळ नव्हतं. माझ्या लहानपणी आई सारखी आजारी असायची, म्हणून चौथीपर्यंत मी आतेकडेच वाढलो. तिला साखरेचा आजार जुना. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि त्यात कधी खाडा नाही. मोबाईल तिला मीच घेऊन दिला होता. फॉरवर्ड कसं करायचं, तेही एका रविवारी तिच्या खाटेवर बसून, उकडलेल्या शेंगा खात खात मीच शिकवलं. तेव्हापासून ती रोज सकाळी सात वाजता ग्रुपवर एक गुलाब टाकायची. आम्हा सगळ्यांना तो गुलाब दिसला की कळायचं, आते उठली आणि आतेचं बरं चाललंय. त्यामुळे फोन करायची गरज उरली नव्हती. केवढी सोय.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. आम्ही मालवणी लोक देवाला नुसता नमस्कार करून सोडत नाही, गाऱ्हाणं घालतो. घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने सगळं सांगतो, अमुक संकट आलंय, ते दूर कर, आम्ही तमुक करू. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." एकदा ते म्हटलं की तुमची सही झाली. गाऱ्हाण्यात कबूल केलेलं मागे घेता येत नाही. मुंबईला, एका खोलीत गणपती बसायचा तरी माझे वडील गाऱ्हाणं घालायचे आणि शेजारपाजारचे दारात उभे राहून व्हय म्हाराजा म्हणायचे. वडील गेल्यावर सगळे मला म्हणाले, आता तू घाल. मी म्हटलं, मला असली नाटकं जमत नाहीत. आते त्यावर काही बोलली नव्हती. तेव्हापासून आमच्या घरातलं गाऱ्हाणं बंद पडलं.

तर एका दुपारी चुलतभावाने ग्रुपवर टाकलं की दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, आत किडनी काढून घेतात, तेव्हा सगळ्यांनी घरगुती उपाय करावेत. मी खाली दीड पान खुलासा लिहिला. त्याचं उत्तर आलं, "ज्याला पटत नाही त्याने वाचू नये. इथे श्रद्धावान माणसं आहेत." माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, थांबा. श्रद्धा पाहिजे काय तुम्हाला? देतो. असा मूर्खपणा लिहून देतो की तुम्हाला स्वतःचीच लाज वाटली पाहिजे.

साबणाच्या जाहिरातीचं काम बाजूला ठेवलं आणि दहा मिनिटांत लिहून काढलं. वडिलांचं गाऱ्हाणं तोंडपाठ होतंच, त्या चालीवर.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या धन्या, ही जी काय परदेशाची पीडा तुज्या लेकरांच्या दारात इली हा, तिका इल्या वाटेन परत लाव. व्हय म्हाराजा. आजपासून एकवीस दिस तुजी लेकरा विलायती गोळी तोंडात घालूची नाय. व्हय म्हाराजा. सकाळ-सांज गुळाचो काढो पितली. व्हय म्हाराजा. सूर्य माथ्यार इलो काय पायात काय एक न घालता अकरा फेरे मारतली. व्हय म्हाराजा. दवाखान्याची पायरी चढतली नाय. व्हय म्हाराजा. जो कोण ह्या पाळीत तेचो केस वाकडो होवचो नाय. जो कोण ह्या अकरा जणांक धाडूचो नाय, तेचो रिचार्ज मधीच संपात. व्हय म्हाराजा."

रिचार्जची ओळ मुद्दाम घातली. म्हटलं, ह्या ओळीवरून तरी शेंबडं पोरही ओळखेल की कोणीतरी टोपी घालतंय. गोळी, गूळ, अनवाणी फेरे, एकाहून एक मूर्खपणा मी शोधून शोधून वेचला होता. पाठवलं आणि आता शिव्या येतील म्हणून वाट बघत बसलो.

पहिलं "व्हय म्हाराजा" पाणी पिऊन होईपर्यंत आलं. मग दुसरं, मग पाच-सहा एकदम. जपून चार शब्द लिहिणारे, कधीच न लिहिणारे, ग्रुप सोडून गेलेले आणि परत घेतलेले, सगळे व्हय म्हाराजा. चुलतभावाने जोडलेले हात टाकले आणि खाली लिहिलं, "दादा, आज खऱ्या अर्थाने आपला झालास." आतेचंही आलं, तिच्या पद्धतीने, एकेक अक्षर शोधून टाईप केलेलं. व्हय म्हाराजा.

मी हसून हसून लोळलो. बायकोला दाखवलं. ती नाही हसली. म्हणाली, "हे खोटं आहे असं सांग. आत्ता सांग."

"अगं थांब ना यार. रंगू दे जरा. दोन दिवसांनी सांगतो, मग बघ कशी तोंडं होतात त्यांची."

दोन दिवसांनी सांगायचं होतं ते नाही सांगितलं. कारण दुसऱ्याच दिवशी ते बायकोच्या शाळेच्या ग्रुपवर आलं. रिचार्जची ओळ कोणीतरी काढून टाकली होती. वा, संपादकही मिळाला. मग ते आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलं, प्रमाण मराठीत केलेलं. मग एका मोठ्या डॉक्टरांनीही याला मान्यता दिली आहे अशी शेपटी लागून आलं. मग एका बाईंच्या आवाजात, मागे घंटा वाजवून. मी आयुष्यभर लिहिलेलं लोकांनी साबणाच्या खोक्याबरोबर फेकून दिलं होतं. हे पहिलं लिखाण असं होतं, की लोक वाचत होते, जपून ठेवत होते, एकमेकांना पाठवत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कुठून कुठून ते परत येतंय हे बघण्यात माझा दिवस जायचा. मध्ये मध्ये वाटायचं, आता सांगून टाकावं. मग वाटायचं, अजून थोडं पसरू दे, म्हणजे फजितीही मोठी होईल. कोणी ते खरोखर पाळत असेल हा विचार मला शिवला नाही. लोक मेसेज पाठवतात रे, पाळतात कुठे.

सतराव्या दिवशी सकाळी सात वाजता गुलाब आला नाही.

आठ वाजेपर्यंत मी तीन वेळा ग्रुप बघितला. नऊला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत लावला. चौथ्या खेपेला तिने उचलला आणि नुसतीच श्वास घेत राहिली.

"आते, काय गं? बरं नाही का?"

"जरा अंग कसकसता. ताप हा वाटता. चार दिस रवले हत, मगे घेतंय गोळी."

"कसले चार दिवस? कसली गोळी?"

"साखरेची रे."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "किती दिवस घेतली नाहीस?"

"सतरा," ती म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला एकही शब्द ऐकवला नाही, स्कूटरची किल्ली आणून हातात दिली. ती चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

रस्ते मोकळे होते. एरवी कांजूरमार्गहून दहिसरला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, त्या दिवशी लिंक रोडवर माझ्याशिवाय कुत्री तेवढी होती. नाकाबंदीवर हवालदाराने अडवलं. मी म्हटलं, आत्या आजारी आहे. तो म्हणाला, "सगळ्यांच्याच आत्या आजारी आहेत." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काठी बाजूला घेतली. मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एवढा गप्प होतो.

आतेच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती खाटेवर आडवी होती. उजव्या पायाला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळलेली. खोलीत वास होता. मी चिंधी सोडली. तळपायाला फोड येऊन फुटले होते, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. उशाशी गुळाच्या काढ्याचं पातेलं, त्यावर ताटली झाकलेली.

समोरच्या खोलीतली शेजारीण मास्क लावून दारात आली. म्हणाली, "रोज बरोबर बाराला चाळीच्या अंगणात अकरा फेरे मारतात. सिमेंट कसलं तापतं. आम्हीपण मारले दोन दिवस, मग पाय भाजायला लागले म्हणून सोडलं. आतेंना भाजतच नव्हतं."

साखरेच्या माणसाला पायाला चटका लागलेला कळत नाही. हे मला ठाऊक होतं. पायाला चोळायच्या एका तेलाच्या जाहिरातीत मी स्वतः ते वाक्य लिहिलं होतं. गोळी, गूळ, फेरे. चेष्टेत जे जे वेचून घातलं होतं, त्यातलं एकही वाया गेलं नव्हतं.

"आते, ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"चार दिस थांब."

"चार दिवसांत पाय जाईल. जीव जाईल."

"जाऊचो नाय. गाऱ्हाण्यात सांगितला हा, केस वाकडो होवचो नाय."

मी खाटेच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं. "ते गाऱ्हाणं खोटं आहे. ते मी लिहिलं. देवाचं नाही, गुरवाचं नाही, कोणाचं नाही. मी घरात बसून, चेष्टा करायला लिहिलं."

माझी अपेक्षा होती, ती शिवी देईल. दिली असती तर मी पाया पडून घेतली असती. तिने नुसते डोळे मिटले. "कोणी का लिवना," ती म्हणाली. "व्हय म्हाराजा मी म्हटलंय. माज्या तोंडान म्हटलंय."

मग माझा नेहमीचा कार्यक्रम झाला. मी ओरडलो. अडाणीपणा म्हणालो, अंधश्रद्धा म्हणालो, पायाला कीड लागते म्हणजे काय होतं त्याचं वर्णन केलं, मोबाईल काढून डॉक्टरची मुलाखत तिच्या कानाशी लावली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बोलत होतो ते सगळं खरं होतं, आणि इतके दिवस ग्रुपवर जेवढा उपयोग झाला होता तेवढाच इथे झाला. तिच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई मरणार, मी लिहिलेल्या दहा ओळींनी मरणार, आणि मरेपर्यंत त्या ओळी पाळणार.

गाऱ्हाण्याने बांधलेलं गाऱ्हाण्यानेच सुटतं. एवढं मला माहीत होतं, घरात ऐकलं होतं. चुकून कबूल केलेलं असलं, निभावत नसलं, तर देवासमोर उभं राहून तसं सांगायचं आणि सोडवून मागायचं.

मी चपला काढल्या. तिच्या खोलीत कोपऱ्यात फळीवर देव होते. त्यांच्यासमोर उभा राहिलो. मास्क खाली केला आणि तोंड उघडलं. जाहिराती लिहिणारा माणूस मी, पण मला एक वाक्य सापडेना. मग जे आलं ते बोललो.

"बा देवा म्हाराजा. मी तुज्या नावान खोटा बोललंय. चेष्टा केलंय. माज्या चेष्टेक हिना शब्द दिल्यान. हिचो शब्द हिका परत दी. रवलेले चार दिस हिच्या माथ्यार नको, माज्या माथ्यार घाल. जी काय शिक्षा आसात ती माका दी. हिका दवाखान्यात जावक दी. बरी करून परत घराक हाड. माका दुसरा कोण नाय."

शेवटचं वाक्य गाऱ्हाण्यात नसतं. ते कुठून आलं मला माहीत नाही. मी रडत होतो, आणि त्यात नाटक काही नव्हतं.

मग मागून, दारातून, शेजारीण हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." बाहेर दोघं-तिघं जमले होते, तेही म्हणाले. मी आतेकडे बघायचं टाळत होतो. खूप वेळाने खाटेवरून आलं, "व्हय म्हाराजा." आणि मग, "माजा पातळ बदलूक व्हया. ह्या पातळात मी खय येवची नाय."

चाळीतल्याच एकाची रिक्षा दीड महिना अंगणात उभी होती. त्याने ती काढली. पहिल्या दवाखान्याने खाट नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत कापावं लागलं असतं, किंवा त्याचीही गरज पडली नसती. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. तिला कोरोना झालेलाच नव्हता. ज्याच्यासाठी एवढं केलं, तो तिच्या दारातसुद्धा आला नव्हता.

चार दिवस मी पाळले. देव आहे की नाही हा वाद त्या चार दिवसांपुरता तहकूब ठेवला. ॲसिडिटीची गोळी बंद, गुळाचा काढा दोन वेळा, आणि दुपारी बाराला आमच्या गच्चीवर अनवाणी अकरा फेरे. मला भाजत होतं, चांगलं भाजत होतं. दवाखान्याची पायरी चढायची नाही हे पाळायला काही कष्ट पडले नाहीत, नातेवाइकांना आत सोडतच नव्हते. बायको गच्चीच्या दारात बसून फेरे मोजायची. आठव्या फेऱ्याला एकदा थांबलो, तर म्हणाली, "तीन राहिलेत."

त्याच आठवड्यात मी भावकीच्या ग्रुपवर लिहिलं की ते गाऱ्हाणं मी रचलं होतं, ते साफ खोटं आहे, त्यापायी माझी आते दवाखान्यात आहे, कृपा करून कोणी पाळू नका आणि ज्यांना ज्यांना पाठवलंत त्यांना हे पण पाठवा. चुलतभावाने विचारलं, "दादा, तुझा फोन हॅक झालाय का?" एक काका म्हणाले, असल्या नास्तिकांमुळेच ही वेळ आलीय. एकाने अंगठा दाखवला, तो कशाबद्दल ते कळलं नाही. तो मेसेज मला कुठूनही परत आला नाही. बाईंच्या आवाजात नाही, घंटेबरोबर नाही, डॉक्टरांच्या मान्यतेसह नाही. माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं लिखाण जिथे पडलं तिथेच राहिलं, आणि ते दुसरं अजून फिरत असणार. दहिसरमध्ये मला एक आते होती आणि ती गुलाब टाकायची, म्हणून मला कळलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. कोण कोण फेरे मारत होतं, कोणाकोणाच्या गोळ्या डब्यात पडून राहिल्या, हे मला कधीही कळणार नाही.

आतेला मी घरी कांजूरमार्गला आणलं. जखम भरायला दोन महिने लागले. रोज सकाळी मी तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलायचो. तिने त्या प्रकरणाचं नावही काढलं नाही. कोणी फोनवर विचारलं की सांगायची, साखर वाढली होती, बोटाक लागला. मला वाटायचं, मी त्या दिवशी सांगितलेलं तिला तापात कळलंच नाही, किंवा खोटं वाटलं. परत सांगायला तोंड होत नव्हतं. एका सकाळी शेवटी धीर केला.

"आते, त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, ते गाऱ्हाणं मी लिहिलं. तुला खरं नाही वाटलं ना?"

"खरा न वाटाक काय झाला? माका पैल्याच दिवशी म्हायत होता."

माझा हात थांबला. "माहीत होतं? मी लिहिलं म्हणून?"

"तुज्याच फोनावरसून इला. आणि माज्या भावाची चाल मी वळखूची नाय?"

"मग तुला कळलं असेल की ती चेष्टा आहे."

"ता नाय कळला," ती म्हणाली. खिडकीबाहेर बघत होती. "बापूस गेल्यापासून तू एकदाय देवाफुडे उभो रवलंस नाय. माका वाटला, एवढा संकट इला, पोरगो घाबारलो, पैल्यांदा आमच्यासाठी कायतरी मागता हा. तुजा पैला गाऱ्हाणा. बाकीचे पाळतले काय नाय, कोणाक म्हायत. मी तरी मोडूचा नाय, असा ठरयलंय."

मी मान खाली घालून बोटांच्या जागी कापूस ठेवला आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"जरा सैल बांध रे," आते म्हणाली.